मागाला गाठ दाखवू नये

ज्या वर्षी अण्णांना अर्धांगाचा झटका आला, त्याच वर्षी मला मॅक्रमेचं वेड लागलं होतं. सत्तरच्या दशकातली मधली वर्षं ती. सोलापुरातल्या बायकापोरींमध्ये तेव्हा हे खूळ जोरात होतं. पांढरी सुती दोरी घ्यायची, तिला ओळीनं गाठी मारत जायच्या आणि त्यातून काहीबाही करायचं. कुंड्या टांगायची शिंकाळी, पिशव्या, आणि भिंतीवर लावायची घुबडं. आमच्या महिला मंडळाच्या क्लासात पहिली वस्तू घुबडच शिकवत. मी ते मोठ्या हौसेनं करून आणलं, तर आईनं मला दारातच अडवलं.

"लक्ष्मीचं वाहन असंल तर लक्ष्मीला बसून येऊ दे त्याच्यावर," ती म्हणाली. "नुसतं घुबड घरात नको."

ते घुबड शेवटी क्लासच्या बाईंच्याच भिंतीवर लागलं. पण माझे हात थांबले नाहीत. पाण्याच्या तांब्याला जाळी, कंदिलाला जाळी, आईच्या शिवणाच्या मशीनच्या पायट्याला झालर. आई म्हणायची, "आता हितं माणसंच तेवडी राह्यलीत गाठी मारायची." अण्णा हसायचे. ते कापडगिरणीत माग चालवत आणि घरी बोलतानासुद्धा त्यांचा आवाज चढाच असे, कारण दिवसभर मागांच्या खडखडाटात राहून कान बधिर झालेले. आम्हा मायलेकींचं कुजबुजणं त्यांना कधी ऐकू आलं नाही आणि त्यांचं कुजबुजणं अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

श्रावणात एका सकाळी ते चहाचा कप उचलायला गेले आणि कप उचललाच नाही. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढायला लागला, आणि तो चढा आवाज गेला. तोंडातून नुसते घोगरे सूर निघत, शब्द होत नसत. डोकं मात्र पूर्ण शाबूत होतं, हे त्यांच्या डोळ्यांकडं पाहिलं की कळायचं. आपलं बोलणं कुणाला समजत नाही म्हटल्यावर त्यांनी हळूहळू बोलायचा प्रयत्नच सोडून दिला. खाटेवर पडून ते दाराच्या चौकटीकडं बघत राहायचे. मला ते सोसवायचं नाही. मी स्वभावानं तापट आणि बडबडी. घरात कुणी गप्प बसलं की मला माझ्यावरच रागावल्यासारखं वाटतं.

पोटापाण्याचं कसंबसं चालत होतं. थोरली बहीण करकंबला दिलेली, तिथून ज्वारी यायची. आई शिवण घ्यायची, मी शिकवण्या घेत होते. आईला घोर लागला होता तो मागाचा. अण्णा आजारी पडल्यावर त्यांच्या मागावर एक बदलीवाला उभा राहिला होता. बदलीवाला म्हणजे कायम नसलेला कामगार. कुणी रजेवर गेलं की त्याच्या जागी उभं राहायचं आणि तो परत आला की बाजूला व्हायचं. हा गृहस्थ तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातला, पस्तिशीचा, अंगानं काटकुळा. कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या मागांवर दिवस काढत होता. खात्यातल्या जॉबरनं, म्हणजे कामं वाटून देणाऱ्या मुकादमानं, निरोप पाठवला होता की दसऱ्यापर्यंत वाट बघू, मग काय ते ठरवू. जॉबरचा स्वतःचा भाचा त्या जागेवर डोळा ठेवून आहे, हेही आमच्या कानावर आलं होतं.

तो बदलीवाला दर रविवारी यायचा. बाहेर पायरीवर बसून अण्णांची चौकशी करायचा. आई त्याला आत ये म्हणाली नाही कधी. चहा द्यायची, तोही मी नेऊन दिला तर. तो गेला की म्हणायची, "बघायला येतो मेला, अजून किती दिवस हायत ते." मलाही तसंच वाटायचं. गिधाड म्हटलं नाही एवढंच.

भाद्रपद संपत आला तसं अण्णांचं काहीतरी निराळंच सुरू झालं. गणपतीत दाराला बांधलेलं आंब्याच्या पानांचं तोरण वाळून अजून तिथंच होतं. एका दुपारी ते भिंत धरून उठले, पाय ओढत दारापर्यंत गेले आणि डाव्या हातानं त्यातलं एक वाळकं पान खुडून आणलं. ते पान छातीवर ठेवलं आणि गिरणीच्या दिशेला बोट केलं. परत छाती, परत गिरणी. मी बावळटासारखी बघत राहिले. आईला मात्र लगेच उमगलं.

"खंडेनवमी," ती म्हणाली. "तोरण म्हणतेत मागाला."

खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, गिरणीत मागांची पूजा होते. एरवी बायकापोरांना फाटकाच्या आत पाऊल टाकता येत नाही, पण त्या दिवशी येतं. प्रत्येक कामगार आपला माग पुसूनपासून लख्ख करतो, हळदकुंकू लावतो आणि वर तोरण बांधतो. कागदोपत्री काही नसलं तरी खात्यात एक रीत होती, की ज्यानं तोरण बांधलं त्याचा माग पुढच्या खंडेनवमीपर्यंत. जॉबरसुद्धा ती रीत मोडायला कचरायचा. अण्णांनी जाऊन तोरण बांधलं, तर त्यांचा माग वर्षभर कुणी हलवू शकणार नव्हतं.

"हे परत उभं राहणार हायत," आई म्हणाली आणि तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. इतक्या दिवसांत तिनं असं काही म्हटलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी त्याच क्षणी जाहीर करून टाकलं, तोरण मी करणार, आणि असं करणार की सगळं खातं बघत राहील.

क्लासच्या बाईंकडं परदेशी मासिकातलं एक कात्रण होतं. दारावर टांगलेलं एक गोल कडं, दोरीच्या गाठींनी मढवलेलं, त्यात कसल्याशा सुईसारख्या पानांच्या हिरव्या फांद्या खोचलेल्या आणि खाली लाल फीत. तिकडच्या लोकांत सणाला तसं लावतात म्हणे. ते चित्र माझ्या डोक्यात घर करून बसलं होतं. सुईसारखी पानं सोलापुरात कुठून आणायची? पण आंब्याची पानं होती, झेंडू होता, ज्वारीची हिरवी पात मिळाली असती. कड्यासाठी मी आईची मोडकी पिठाची चाळणी शोधून काढली. तिची जाळी फाटून गेली होती, कडं शाबूत होतं. मंगळवार पेठेतून दोरीचं भेंडोळं आणलं.

गाठकामात एक गोष्ट पहिल्यांदा शिकवतात. दोरी कापताना वस्तू जेवढी लांब करायची त्याच्या चौपट कापायची, कारण गाठी दोरी खातात. मी पाचपट कापली. माळ्याच्या खिळ्याला कडं अडकवलं आणि घट बसले त्या दिवसापासून गाठी मारायला बसले. चौकोनी गाठ म्हणजे दोन बाजूंच्या दोऱ्या मधल्या दोऱ्यांवरून आलटून पालटून न्यायच्या आणि ओढून घट्ट बसवायच्या. एकदा लय लागली की बोटं आपोआप चालतात. दर चार गाठींनंतर मी एक फट ठेवत होते, पानाचा देठ आत जाईल एवढी. ताजी पानं खंडेनवमीच्या पहाटे खोचायची, म्हणजे कोमेजणार नाहीत. अण्णा खाटेवरून बघत होते. त्यांच्या तोंडून एकदोन वेळा घोगरा आवाज आला. मला वाटलं, कौतुक करताहेत.

दुसऱ्या दिवशी शिकवणीहून परत आले तर कड्याचा पाव भाग उसवलेला. गाठी नीट एकेक करून सोडवलेल्या आणि दोरी वळ्या पडून लोंबत असलेली. अण्णा भिंतीला टेकून उभे होते, डावा हात कड्यावर.

मी आईला हाक मारली. आई म्हणाली, "असू दे गं. हाताला चाळा लागतोय त्यांच्या. डॉक्टर म्हणलेच हुते की हात हालवायला लावा."

मी परत गाठी मारल्या. त्यांनी परत सोडवल्या. मग मी कडं वर, त्यांचा हात पोचणार नाही अशा खुंटीला टांगलं. तर ते खाटेवर बसून डाव्या मुठीनं भिंतीवर मारायला लागले. घोगरा आवाज चढत गेला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझाही बांध फुटला. "तुमच्यासाठीच करतेय ना मी? मग माझ्यावर का रागावता?" असं मी ओरडले. घटासमोर दिवा तेवत होता, आई हात जोडून म्हणत होती की सणासुदीचं घरात भांडू नका, आणि कोण कुणाचं ऐकतंय.

तो रविवार होता. बाहेर पायरीवर बदलीवाला येऊन बसला होता, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आवाज ऐकून तो दारात आला आणि चौकटीला हात धरून तिथंच थबकला. त्याला बघून अण्णा एकदम शांत झाले. त्यांनी डावा हात उचलला. बोटं जुळवून चुटकीसारखी फिरवली, मग हात आडवा झटकला, मग त्या कड्याकडं बोट केलं. बदलीवाल्यानं मान डोलावली आणि दोन्ही हातांनी काहीतरी उलट खूण केली. अण्णांनी परत हात हलवला, बराच वेळ, नेटानं, थांबत थांबत. त्यांच्या ओठांचीही हालचाल होत होती. तो माणूस त्यांच्या ओठांकडं आणि बोटांकडं बघत होता आणि मधूनमधून हुंकार देत होता.

मी आणि आई बघतच राहिलो. ते दोघं बोलत होते.

गिरणीत माग चालू असताना माणसाला स्वतःचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही. त्यामुळं मागवाले एकमेकांशी हातांनी आणि ओठांनी बोलतात. धागा तुटला, आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातलं सूत संपलं, जॉबर येतोय, चहाला चल, घरी पोरगी कशी आहे, सगळ्याला खुणा. अण्णांनी घरी ही भाषा कधी काढली नव्हती, कारण घरी आवाज होता, आणि आवाज गेल्यावर आम्हाला ती येत नव्हती. आणि आम्ही त्या काटकुळ्या माणसाला पायरीच्या आत कधी घेतलं नव्हतं. दोन महिने आमच्या घरातला माणूस मुका होता आणि त्याच्याशी बोलू शकणारा माणूस बाहेर पायरीवर बसून चहा पिऊन जात होता.

"काय म्हणतेत?" आईनं विचारलं.

तो जरा संकोचला. माझ्याकडं बघून त्याला हसू आलं आणि ते त्यानं दाबलं. "म्हणतेत, पोरगीनं लई सुंदर केलंय की. पर मागाला गाठ दाखवत न्हाईत, वहिनी."

मग त्यानं नीट समजावून सांगितलं. मागवाल्याचं अख्खं वर्ष गाठीशी भांडण्यात जातं. ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, गाठ आली की धागा तुटतो, धागा तुटला की कापडात खोट राहते, खोट राहिली की मजुरी कापतात. म्हणून निदान त्या एका दिवशी मागाच्या नजरेला गाठ पडू द्यायची नाही. तोरणसुद्धा दोरीला पीळ देऊन करायचं, पिळात पानं धरायची आणि टोकं नुसती आत दडपायची. ही खात्यातली रीत. अण्णा दर वर्षी तोरण गिरणीतच बसून करायचे, सोबत्यांबरोबर, त्यामुळं घरी कुणाला या रीतीचा पत्ताच नव्हता. आणि मी अण्णांच्या मागासाठी काय करत होते? नखशिखान्त गाठी. त्या माणसानं मोजल्या असत्या तर त्याला घाम फुटला असता.

मला आधी हसू आलं. मग अण्णा हसले, तोंडाच्या एकाच बाजूनं, श्रावणानंतर पहिल्यांदा. त्यांचं ते वाकडं हसू बघून मी त्यांच्या खाटेपाशी बसले आणि रडले. अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बदलीवाल्याकडं बघून एक खूण केली. तो म्हणाला, "म्हणतेत, रडू नको. दोरी चांगली हाय, वापरू."

त्यानंतरचे चार-पाच दिवस माझ्या आयुष्यातले फार गोड दिवस आहेत. उरलेल्या गाठी अण्णांनी आणि मी मिळून सोडवल्या. मी घट्ट ओढलेली गाठ माझ्याच नखांनी सुटेना, तर ते डाव्या हाताच्या अंगठ्यानं ती आधी दाबून चेपायचे आणि मग ती आपसूक सैल व्हायची. वळ्या पडलेली दोरी आईनं पाण्यात भिजवून, दगडाला बांधून वाळत टांगली, सरळ व्हायला. "दगडाला तरी गाठ चालती नव्हं?" तिनं अण्णांना विचारलं. त्यांनी मान हलवून परवानगी दिली.

बदलीवाला आता नुसत्या रविवारी न येता रोज पाळी सुटली की यायला लागला. आई त्याला आत येऊ द्यायची, पण बस म्हणायची नाही. तो दाराजवळ उकिडवा बसून मला खुणा शिकवायचा. तुटलेला धागा म्हणजे चुटकी फिरवायची. सूत संपलं म्हणजे मूठ उघडून रिकामी दाखवायची. तहान लागली, पाय दुखतो, दिवा लाव, अशाही खुणा आम्ही घरच्यासाठी नव्या ठरवल्या. अण्णा एकदा खुणेनं सलग काहीतरी बोलत राहिले आणि मी त्यातलं निम्मं ओळखलं. ते आमटीत मीठ कमी आहे असं सांगत होते. आईला सांगितल्यावर ती म्हणाली, "बोलायला लागलं आणि पयलं नाव ठिवलं." पण तिनं मीठ वाढलं तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

आई मात्र मनातून त्या माणसाला अजून दूरच ठेवून होती. अण्णा बोलते झाले, हसते झाले, म्हणजे ते मागावर उभे राहणारच, असं तिनं धरलं होतं. आणि ते उभे राहिले की हा गेला. ती मला म्हणाली, "माणूस वाईट न्हाई. पर त्याचं चांगलं झालं तर आपलं वाईट हुतंय, मी काय करू?"

खंडेनवमीच्या पहाटे आंब्याची डहाळी आली. मी आणि अण्णा अंगणात बसलो. दोन दोऱ्या कड्याभोवती गुंडाळत जायच्या आणि दोन्हींना एकमेकींवर पीळ द्यायचा. मी कडं गुडघ्यात धरून दोऱ्या ताणून धरत होते आणि अण्णा डाव्या हाताच्या तीन बोटांनी पीळ देत होते. पीळ किंचित उलटा फिरवला की दोरी तोंड उघडते. त्या फटीत मी पानाचा देठ सरकवायची आणि ते हात सोडायचे. दोरी पान धरून ठेवायची. दोन पानं, मग ज्वारीची पात, मग झेंडू. गाठीनं धरलेलं पान ताठ उभं राहतं. पिळातलं पान जरा झुकतं, वाऱ्यावर हलतं. मला ते जास्त आवडलं. त्यांचा उजवा हात मांडीवर पडलेला होता आणि त्यावर झेंडूच्या पाकळ्या सांडत होत्या, त्या ते झटकत नव्हते.

आईला घराबाहेर पडता येत नव्हतं. घटाजवळचा दिवा नऊ दिवस विझू द्यायचा नाही, कुणीतरी जवळ लागतं. तिनं अण्णांना धुतलेला सदरा घातला, टोपी नीट केली, टांग्यात बसवलं. कडं माझ्या मांडीवर दिलं. टांगा निघाला तेव्हा ती मला म्हणाली, "त्यांच्या हातानंच बांधू दे. तू मधी पडू नको."

गिरणीचा खडखडाट मी लहानपणापासून फाटकाबाहेरून ऐकत आले होते, पण त्या दिवशीची शांतता मला नवी होती. लांबच लांब दालनात माग ओळीनं उभे, सगळे बंद, पुसलेले, हळदीकुंकवाचे, प्रत्येकावर हिरवं तोरण. माणसं नवे कपडे घालून आपापल्या मागाशी उभी होती आणि आवाज नसल्यानं अवघडल्यासारखी हळू बोलत होती. अण्णांना बघून वाट मोकळी होत गेली. कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी हातांनी खुणा केल्या. अण्णा डाव्या हातानं सगळ्यांना उत्तरं देत, माझ्या खांद्याचा आधार घेत चालले होते.

त्यांचा माग ओळीच्या टोकाला होता. तो पुसलेला होता, त्याचं लोखंड चकचकत होतं, हळदकुंकू लावलेलं होतं. पण तोरण नव्हतं. सगळ्या खात्यात तेवढाच एक माग उघडा. बदलीवाला शेजारी उभा होता, त्याची बायको आणि तीन पोरं मागं भिंतीशी. पोरांच्या अंगावर सणाचे कपडे होते. जॉबर आणि त्याचा भाचा थोड्या अंतरावर उभे होते, आणि भाच्याच्या हातात तयार तोरण होतं.

"सकाळधरनं दोनदा म्हणला जॉबर, की बांधून टाकू," बदलीवाला मला हळूच म्हणाला. "मी म्हणलो, अण्णा येणार हायत."

मी कडं पुढं केलं. अण्णांनी ते डाव्या हातात घेतलं, उचललं आणि मागाच्या वरच्या आडव्या दांडीला टेकवलं. आता टोकाची दोरी दांडीभोवती गुंडाळून दडपायची होती. कडं धरलेला हात सोडला तर कडं खाली पडणार, आणि दुसरा हात वर येत नव्हता. त्यांनी तो खांद्यातून उचलायचा प्रयत्न केला. त्यांच्या कपाळावर घाम आला. सगळं खातं बघत होतं. आईनं सांगितलेलं विसरून मी पुढं झाले आणि दोरीचं टोक धरलं.

अण्णांनी माझ्याकडं बघून मान हलवली. नाही. रागानं नव्हे. मी टोक सोडलं. मग त्यांनी बदलीवाल्याकडं बघितलं आणि हनुवटीनं त्या लोंबणाऱ्या टोकाकडं खूण केली.

तो मागं सरला. "न्हाई अण्णा. तुमचा माग हाय ह्यो."

अण्णांनी परत हनुवटी हलवली. कडं त्यांनी दांडीला तसंच टेकवून धरलं होतं. मला वाटलं होतं, आईलाही वाटलं होतं, की ते आपला माग राखायला आलेत. तिथं त्यांच्या चेहऱ्याकडं बघताना मला कळलं, की ज्या दिवशी त्यांनी ते वाळकं पान खुडलं त्या दिवसापासून त्यांच्या मनात हेच होतं. आपण परत उभे राहणार नाही हे त्यांना आमच्या आधी कळलं होतं. त्यांना फक्त माग कुणाच्या हातात जाईल ते आपण ठरवायचं होतं.

तो माणूस पुढं आला. त्यानं टोक धरलं, दांडीभोवती गुंडाळलं, पीळ दिला आणि आत दडपलं. अण्णांनी हळूहळू हात सोडला. कडं जागेवर राहिलं. मग त्यांनी त्याच हातानं त्याच्याशी काहीतरी खुणा केल्या, मला न कळलेल्या. जॉबर एवढंच म्हणाला, "बरं," आणि भाच्याला घेऊन पुढं गेला. पूजा झाल्यावर मुहूर्ताला सगळ्यांनी माग सुरू करून चार-चार धोटे टाकले. अण्णांच्या मागावर ते बदलीवाल्यानं टाकले, आणि ते करताना तो लहान पोरासारखा रडत होता.

टांग्यात तो आमच्याबरोबर आला, अण्णांना उतरवायला. वाटेत मी विचारलं, "अण्णा तुम्हाला काय म्हणाले?"

त्यानं नाक पुसलं. "म्हणाले, आता माग तुजा. धागा तुटला तर माझ्याकडं बघायचं न्हाई."

आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं तो अण्णांवरून उतरवून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं आणि विचारलं, "बांधलं?"

"बांधलं," मी म्हणाले.

"ह्यांनीच?"

वाटभर मी हाच प्रश्न टाळायचा कसा याचा विचार करत आले होते. अण्णांनी माझा खांदा सोडला. डावा हात छातीवर ठेवला, मग तो सरळ करून मागं टांग्याजवळ मान खाली घालून उभ्या असलेल्या त्या माणसाकडं नेला. आणि आईकडं बघत राहिले. त्यांच्या नजरेत भीती होती. गिरणीतल्या कुणाची त्यांना ती वाटली नव्हती.

आईनं त्या माणसाकडं बघितलं. तिचा हात दाराच्या चौकटीवर होता. तिनं अण्णांना आत घेतलं, खाटेवर बसवलं, टोपी काढून ठेवली. मग बाहेर आली.

"येतो वहिनी," तो म्हणाला.

"कुटं?" आई म्हणाली. "पुरणाचा सैपाक हाय. आत या, बसा."

तो पहिल्यांदा आमच्या घरात पाटावर बसला, अण्णांच्या शेजारी. आईनं त्याचं ताट आधी वाढलं. पोळीवर तूप सोडताना तिचे डोळे वाहत होते आणि ते तिनं लपवले नाहीत. अण्णांना ती घास भरवायला बसली, आणि दोन घास झाल्यावर त्यांच्याचकडं बघत तिनं त्या माणसाला विचारलं, "पोरं किती तुमाला?"

"तिगं," तो म्हणाला.

"मग आज उपाशी ठिवलीत का काय त्यांना तितं?" आई म्हणाली. "जा, घिऊन या. बायकोलाबी."